देव आत, दिवा बाहेर

मंगळवार, ६ फेब्रुवारी १९६८, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. वहीतल्या या नोंदीपुढे ४१ हा आकडा आहे. त्याच्या वरच्या ओळीत आदल्या संध्याकाळचे १२. त्याच्याही वर साडेअकरा, बारा, तेरा, साडेबारा, पुन्हा बारा, अशी एकोणतीस दिवसांची शिस्तीत उभी असलेली रांग. त्या सकाळी मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला, पदराने भिंग पुसले आणि पुन्हा पाहिले. सोन्याचा वर्ख जिथे बारा घरे उतरायचा, तिथे एकेचाळीस घरे उतरून जवळजवळ दांडीला टेकला होता. मी श्वास रोखून तिसऱ्यांदा पाहिले. एकेचाळीसच. शेजारच्या बोळातल्या तालमीत पोरे बैठका मारत होती आणि त्यांचा वस्ताद मोठ्याने मोजत होता. मला आठवते, मी त्याच्या मोजण्यावरच रागावले, जणू माझा आकडा त्याच्यामुळे चुकणार होता.

ते यंत्र दिसायला काहीच नव्हते. चहाच्या डब्याएवढी पितळी पेटी, तिला समोर काचेची खिडकी, आत गंधकाच्या मण्यात रोवलेली बारीक दांडी आणि दांडीला चिकटवलेला सोन्याचा वर्ख. दांडीचे टोक पेटीच्या वर येऊन एका उघड्या पितळी चकतीत संपायचे. घासलेली एबोनाइटची, म्हणजे कडक काळ्या रबराची, कांडी चकतीला लावली की दांडी आणि वर्ख दोघांवर एकच विद्युत्‌भार चढतो आणि वर्ख दांडीपासून दूर जाऊन तिरका उभा राहतो. मग तो हळूहळू खाली येतो, कारण हवेत दगडमातीतून आणि आकाशातून येणाऱ्या किरणांनी तयार झालेले विद्युत्‌भारित कण सतत असतात आणि ते चकतीवरचा भार खात राहतात. तासाभरात सूक्ष्मदर्शकातल्या मोजपट्टीवर वर्ख किती घरे उतरला, एवढेच मी मोजत होते. पहाटे पाच दहाला भार द्यायचा, सहा दहाला वाचायचे. संध्याकाळी पाच दहा आणि सहा दहा. असे सलग चाळीस दिवस. माझे मार्गदर्शक हेर्लेकर सर म्हणाले होते, "मुंबईच्या संस्थेत एक जागा आहे. तिथे गुणपत्रिका सगळेच पाठवतील. तुम्ही चाळीस दिवसांची अखंड निरीक्षणे पाठवा. अखंड हा शब्द मी विचार करून वापरतो आहे." ती जागा मिळाली नाही तर काय, हेही ठरलेले होते. मुरगूडच्या मुलींच्या शाळेत अण्णांच्या ओळखीने शिक्षिकेची नोकरी, आणि वर्षाच्या आत लग्न. दोन्ही गोष्टी चांगल्या होत्या आणि दोन्हींची मला धास्ती होती.

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हे काम होण्यासारखे नव्हते. तिथल्या कपाटात इतर प्रयोगांसाठी किरणोत्सारी नमुने ठेवलेले असत, आणि संध्याकाळी पाचनंतर मुलींनी विद्यापीठाच्या माळावर थांबायचे नाही, असा दंडक होता. म्हणून घर. आणि आमच्या मंगळवार पेठेतल्या भाड्याच्या घरात वारा नाही, ओल नाही, चुलीचा धूर नाही आणि दिवसभर तापमान फारसे हलत नाही, अशी एकच जागा होती: देवघर. तीन बाजूंनी काळ्या दगडाची भिंत, बोळाच्या बाजूला वितीएवढा झरोका, आत माणूस उभा राहिला तर दुसऱ्याला बसावे लागेल इतकी अरुंद खोली. मी तापमापक घेऊन घराचा प्रत्येक कोपरा आठवडाभर तपासला होता आणि उत्तर आधीच माहीत असलेल्या गणितासारखी ती खोली शेवटपर्यंत लांबवत नेली होती, कारण ती मागायची तर अण्णांकडे मागावी लागणार होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. हायस्कुलात गणित शिकवत. त्यांचा दिवस घंटेवर नव्हे, स्वतःवर चालायचा. साडेचारला उठणे, आडाच्या थंड पाण्याने स्नान, मग फुले आणायला जाऊन सव्वासहाच्या ठोक्याला परत, साडेसहाला पूजा. थंडीतापातही यात मिनिटाचा फरक पडलेला मी पाहिला नाही. देवाकडे त्यांनी कधी काही मागितल्याचेही ऐकले नाही. एकदा मी विचारले होते, तर म्हणाले, "मागायला लागलो की मोजायला लागेन. मला एक तरी गोष्ट न मोजता करायची आहे." देवघरात एक नंदादीप होता. त्यांच्या लग्नापासून तो विझलेला नव्हता. आणि माझ्या यंत्राला सगळ्यांत मोठे भय ज्योतीचेच होते. ज्योतीतून असंख्य भारित कण उठतात, हवेवरून तरंगत जातात आणि उघड्या चकतीवरचा भार बघता बघता संपवतात. हे मी त्यांना माजघरात बसून, आकृती काढून समजावले. त्यांनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके होते. मग बराच वेळ ते आकृतीकडे बघत राहिले.

"म्हणजे देव आत आणि दिवा बाहेर," ते म्हणाले.

"चाळीस दिवस, अण्णा. आरती, धूप, कापूर, सगळंच उंबऱ्याबाहेर."

"देवाला अंधाराचं भय नाही. मला थोडं आहे." ते उठले. "ठीक. चाळीस दिवस ज्योत आत जाणार नाही, हा माझा शब्द. आता तुझा शब्द दे. देवघर आहे, प्रयोगशाळा नव्हे. सोवळ्याचं जे काही तुझ्या आईनं तुला शिकवलंय, ते सगळं पाळलं जाईल."

"पाळीन," मी म्हणाले. त्याच संध्याकाळी त्यांनी नंदादीप दोन्ही हातांनी उचलून माजघरातल्या कोनाड्यात आणून ठेवला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. तिने काही विचारले नाही आणि आम्ही दोघांनी तिला काही सांगितले नाही.

'पाळीन' हा शब्द उच्चारताना मला तो मोडणार हे माहीत होते, हे आज लिहिले पाहिजे. बुद्धिमान मुलींना स्वतःची फसवणूक नीट मांडता येते, एवढाच त्यांचा इतरांहून फरक. दर महिन्याला चार दिवस मी बाहेर बसत असे. त्या दिवसांत मला वेगळे अंथरूण, वेगळे पाण्याचे भांडे आणि कशालाही न शिवणे पाळावे लागे, मग देवघराचे नावच नको. चाळीस दिवसांत हे चार दिवस येणारच होते. मी दिनदर्शिकेवर मोजून ते अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास येतील असे काढले होते आणि लपवायचे कसे तेही ठरवले होते. तर्क असा होता: हा नियम कोणत्याही कसोटीला उतरत नाही, जे कसोटीला उतरत नाही ते मोडल्याने काहीही बिघडत नाही, म्हणून ही फसवणूक नव्हे. पहिल्या दोन विधानांशी मी आजही सहमत आहे. तिसरे त्यांच्यातून निघत नाही, हे कळायला मला तेहतीस दिवस लागले.

त्या दिवसांतले घर मला वासांतून आठवते. थंडीचा शेवट होता, सगळीकडे गुऱ्हाळे पेटलेली होती, आणि संध्याकाळी वारा वळला की शिजत्या रसाचा गोड, जरासा करपलेला वास गावभर पसरायचा. आई सकाळी ज्वारीच्या भाकरी थापायची. तो थपथप आवाज आणि तालमीतल्या पोरांचे मोजणे एकमेकांत मिसळायचे. ताज्या काकवीत बुडवलेला भाकरीचा तुकडा तोंडात धरून मी आकडे वहीत उतरवायचे आणि आई म्हणायची, "वही चिकट होईल, मग तुझे सर म्हणतील आकडे गोड आहेत." दूध घालायला हौसाक्का यायची. कोडोलीची लेक, रंकाळ्याच्या अंगाला दिलेली, चार म्हशींची मालकीण. तिला माझ्या यंत्राचा फार संशय होता.

"सुधाताई, त्या डब्यात सोनं हाय म्हणत्यात, खरं व्हय?"

"आहे. नखाएवढं."

"आन् तेवढ्याला रोज पाटंचं पहाऱ्याला बसतासा?" ती चरवी पालथी करत म्हणायची. "आमच्या म्हशीच्या नाकात ह्याच्याहून ज्यास्त हाय."

चार फेब्रुवारीच्या रविवारी, अठ्ठाविसाव्या दिवशी, माझे गणित बरोबर निघाले. पहाटे मला कळले तेव्हा पाचला दहा मिनिटे कमी होती. मी न्हाणीघरात कवाडाला पाठ लावून उभी राहिले. मोडायचे ठरलेलेच होते. तरी मी कडी काढली नाही. मग मी घड्याळाकडे पाहिले, आणि पाच दहा ही वेळ माझ्यापेक्षा मोठी ठरली. मी आत गेले, देवांकडे न बघता भार दिला, बाहेर आले. रोजच्याप्रमाणे मागच्या दारी नळाला पाणी भरले, कारण तो तासच नळाचा होता. सहा दहाला वाचन घेतले तेव्हा आकडा मी तीनदा पाहिला. साडेबारा. काहीही बिघडले नव्हते. त्या आकड्याने मला जे बळ आले, त्याची मला अजून लाज वाटते. दिवसभर मी अण्णांच्या पानात वाढले, दिव्यात तेल घातले, फडताळातली पूजेची भांडी उतरवून दिली. प्रत्येक वस्तूला शिवताना मला ती मोजली जात असल्यासारखे वाटत होते. आई माझ्याकडे बघते आहे असे दोनदा वाटले. दोनदा मी पाहिले, तर ती तांदूळ निवडत होती.

मग मंगळवारचे एकेचाळीस आले. बुधवारी, त्याच वेळी, साडेअडतीस. दोन्ही दिवशी संध्याकाळचा आकडा नेहमीचा, बारा. गुरुवारी सकाळी पुन्हा बारा.

मी सायकलवरून न उतरता विद्यापीठाचा चढ चढले. हेर्लेकर सरांनी वही घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि उभ्यानेच वाचू लागले. पन्नाशीचे, कोरडे, स्तुतीचा शब्द ठेवणीतल्या वस्त्रासारखा घडी करून ठेवणारे गृहस्थ. ते खुर्चीत बसले तेव्हाच मला कळले की काहीतरी घडले आहे.

"दोन सकाळी. एकाच तासात. संध्याकाळी नाही." त्यांनी बोट आकड्यांवरून फिरवले. "दमटपणा?"

"तपासला, सर. बदल नाही."

"गंधकाच्या मण्यावर धूळ, कोळिष्टक?"

"नाही, सर. आणि तसं असतं तर संध्याकाळीही दिसलं असतं."

"बरोबर. ज्योत?"

"दिवा महिनाभर बाहेर आहे. वडिलांचा शब्द आहे."

त्यांनी वहीची मागची पाने चाळली. खिडकीबाहेर माळावर वाळलेले गवत होते आणि खाली सगळे शहर धुरकट दिसत होते. "आकाशातून असं काही दोन दिवस येऊन गेलं असेल, तर इतरांच्याही यंत्रांना दिसलं असेल," ते शेवटी म्हणाले. "नसेल दिसलं, तर तुमच्या खोलीत काहीतरी आहे. मी शनिवारच्या गाडीने मुंबईला निघतो आहे. तुमचा अर्ज आणि या आकड्यांचा आलेख हातानेच देतो, आणि विचारतोही. त्याआधी उद्या संध्याकाळी खोली बघायला येईन." आणि मग, वही परत देताना: "कुणाला सांगू नका. पण मला झोप लागणार नाही, हे तुम्हाला सांगायला हरकत नाही."

मलाही लागली नाही. माझ्या नावाने काही घडू शकते, हे तोपर्यंत मी फक्त परीक्षेच्या निकालात पाहिले होते. त्या रात्री मी मुंबईच्या संस्थेचे दालन मनात उभे केले, तिथे बोलले, प्रश्नांना उत्तरे दिली. सगळ्या कल्पनेत मी एकदाही देवघर आठवले नाही.

शुक्रवारी सकाळचे वाचन घेऊन मी दूध घ्यायला दारात गेले. हौसाक्का माप ओतता ओतता म्हणाली, "ताई, दिवा पुन्यांदा भाईर काढलासा व्हय?"

"दिवा बाहेरच आहे, हौसाक्का. महिना झाला."

"आवो, मंगळवारी, बुधवारी आत हुता की. झरोक्यातनं दिसतंय न्हवं. म्या अंधारातनं येतोय, ह्या बोळात तेवढाच एक उजेड. म्हटलं, बरं झालं, देवाचा वनवास सुटला. तर काल न्हाई, आज बी न्हाई." तिने चरवीवर फडके बांधले. "का वो, तोंड का असं केलासा?"

मी दूध घेऊन आत गेले. आई चुलीपुढे होती. भाकरी तव्यावर होती आणि ती उलटण्यासाठी तिने हात पुढे केला होता. मी विचारले, "मंगळवारी आत दिवा कुणी नेला?"

तिने भाकरी उलटली, कडा दाबल्या, आणि मग म्हणाली, "मी."

"का?"

"तुला माहीत आहे का ते."

मी दुधाचे भांडे खाली ठेवले.

"तुझ्या तारखा मला तुझ्याआधी पाठ आहेत, सुधा. रविवारी तू माझ्या नजरेला नजर दिली नाहीस, सोमवारी मागच्या दारी वाळत घातलेलं दिसलं. मला काय कळत नाही होय?" आवाज चढला नव्हता. "ह्यांना सांगितलं असतं, तर तुझे चाळीस दिवस मोडले असते. नाही सांगितलं, तर माझ्या गळी घास उतरेना. मग मी देवालाच सांगितलं. तू नळावर होतीस, हे फुलांना गेले होते. आत गेले, दिवा ठेवला, एक माळ जप केला, माझ्या लेकीचं पोटात घाल म्हटलं, आणि दिवा परत नेऊन ठेवला. दोन दिवस. बुधवारी तुझा चौथा झाला, मग नाही."

"अगं, पण दिवा का? नुसता जप करता आला नसता?"

"अंधारात माफी कशी मागायची?" ती म्हणाली. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून घाबरली. "डब्याला हात नाही लावला हं मी. चांगला लांब, कोपऱ्यात ठेवला होता. मला वाटलं, आच लागेल, काजळी धरेल म्हणून तुम्ही बाहेर काढलाय. तेवढं सांभाळलं मी."

घरातल्या दोन शिकलेल्या माणसांनी एक आकृती काढून एकमेकांना सगळे समजावून दिले होते, आणि तिसरे माणूस दारात उभे होते. पुढे चाळीस वर्षे मी विद्यार्थ्यांना मोजमापातल्या त्रुटी शिकवल्या. यंत्राच्या, निरीक्षकाच्या, परिसराच्या. या त्रुटीला पुस्तकात नाव नाही.

दिवसभर माझ्यापुढे तीन वाटा होत्या आणि मी त्या एखाद्या प्रमेयासारख्या तपासल्या. पहिली, गप्प बसणे: सर आलेख घेऊन मुंबईला जाणार, आज ना उद्या खोटे उघडे पडणार, आणि त्यांचे नाव माझ्याबरोबर जाणार. दुसरी, अर्धे सांगणे: आईने चुकून दिवा नेला, एवढेच. हे वाक्य खोटे नव्हते. त्यात माझे नाव नव्हते, आणि म्हणूनच ते मला इतके आवडले की मी ते दुपारभर मनात घोळवत राहिले. तिसरी, सगळे सांगणे: ते मला माझ्या तोंडून पुरुषांसमोर बोलावे लागले असते, आणि आमच्या घरात ती गोष्ट बायकाही एकमेकींशी खुणेनेच बोलत.

हेर्लेकर सर संध्याकाळी सहाला आले. अण्णांनी त्यांना माजघरात पाटावर नव्हे, खुर्चीवर बसवले. ती शेजारून आणली होती. मी सहा दहाचे वाचन घेऊन आले. आईने चहा आणि तिखट शंकरपाळे दिले आणि ती दाराआड गेली. सरांनी उंबऱ्यातून देवघर पाहिले, झरोका पाहिला, कोनाड्यातला दिवा पाहिला, मधले अंतर डोळ्यांनी मोजले. अण्णांच्या चेहऱ्यावर मला एक अनोळखी भाव दिसत होता. तो अभिमान होता, हे मला नंतर कळले. त्यांच्याकडे तो आधी कधी पाहिला नव्हता.

"मास्तर, एकच विचारतो," सर म्हणाले. "राग मानू नका. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी, कोणत्याही कारणाने, ज्योत आत गेली होती का?"

"नाही," अण्णा म्हणाले. "मी शब्द दिला होता."

"मग माझी शंका मिटली."

दाराआड बांगड्या वाजल्या. आई पुढे येणार होती. तिने सगळे स्वतःवर घेतले असते, आणि मला माझे अर्धे वाक्य आयते मिळाले असते. मी उभी राहिले.

"दिवा आत होता, सर. दोन्ही दिवशी. आईने नेला होता." अण्णांची मान वळली. मी त्यांच्याकडे न बघता पुढचे बोलले, कारण बघितले असते तर बोलता आले नसते. "मी बाहेरची होते. रविवारपासून. तरी रोज आत जात होते. आईला ते कळलं, म्हणून तिने देवाची क्षमा मागायला दिवा लावला. अण्णांना यातलं काही ठाऊक नव्हतं. शब्द मी मोडला."

सर बशीतल्या चहाकडे बघत राहिले. बाहेर तालमीत कुणीतरी शड्डू ठोकला आणि त्याचा आवाज भिंतीवर आदळून परत गेला. अण्णा उठले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी गुडघ्यावरचा हात उचलून दुसऱ्या गुडघ्यावर ठेवला.

"हे वहीत लिहिलंत?" सरांनी विचारले.

"नाही, सर."

"मग लिहा. दोन्ही आकड्यांपुढे 'ज्योत' असं लिहा. आकडे खोडायचे नाहीत." ते उठले, चपला घातल्या. "अर्ज मी नेतो. जागा मिळेल असं म्हणत नाही. आज तुम्ही मला एका चुकीतून वाचवलंत. कसं, ते मी कुणाला सांगणार नाही." ती जागा मला मिळाली नाही. दोन वर्षांनी दुसरी मिळाली, आणि पुढे डोंगरांच्या पोटातल्या बोगद्यांत उतरून मी त्याच आकाशातल्या किरणांची वाट बघण्यात आयुष्य काढले. पण ती वेगळी हकिकत.

सर गेल्यावर जेवणे झाली नाहीत. अण्णा कोनाड्यापुढे बसून होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "नियम तुला पटत नव्हता, तर मला म्हणायचं होतंस."

"तुम्ही खोली दिली नसती."

"नसती दिली," ते म्हणाले. "पण मग तुला माझ्याशी भांडता आलं असतं." आणि थोड्या वेळाने, शाळेतल्या आवाजात: "मंगळवारचे एकेचाळीस दिव्यामुळेच आले, हे कशावरून?"

मला प्रश्न कळायला क्षण लागला.

"ज्योत होती हे सिद्ध झालं. ज्योतीमुळेच वर्ख पडला, हे कुणी मोजलं? तू नाही, तुझ्या सरांनीही नाही. उद्या सकाळी मोज. मग यंत्र उचल. माझा शब्द तसाही राहिलेला नाही."

त्या रात्री, इतक्या सगळ्यानंतरही, माझ्या मनात एक आशा उभी राहिली. दिवा लावूनही वर्ख बारा घरेच उतरला, तर मंगळवारी खरेच आकाशातून काही आले होते. मी ती आशा झटकली नाही. वहीत दोन आकड्यांपुढे मी शाईने शब्द लिहिला होता. त्यापुढे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्हही काढले, आणि ते बघत पडून राहिले.

शनिवारी पहाटे आम्ही तिघेही स्नान करून देवघरापाशी आलो. पाच दहाला मी भार दिला. वर्ख तिरका उभा राहिला. अण्णांनी कोनाड्यातला नंदादीप उचलला आणि उंबऱ्यात थांबून आईला विचारले, "कुठे ठेवला होतास?" देवघरातल्या एखाद्या गोष्टीची जागा त्यांनी तिला विचारलेली मी प्रथमच ऐकली. आई त्यांना वळसा घालून आत गेली, बसली आणि उजव्या कोपऱ्यातल्या फरशीवर बोट ठेवले. "किती वेळ?" "एक माळ." "रोज करतेस त्याच गतीने कर. घाई नको, लांबवू नको." तिने डोळे मिटले. महिन्यानंतर त्या खोलीत उजेड पडला होता, आणि अण्णा मूर्तींकडे नव्हे, आईच्या बोटांतून सरकणाऱ्या मण्यांकडे बघत होते. मी घड्याळ धरून होते. नऊ मिनिटे, वीस सेकंद. माळ कपाळाला लावून तिने मान हलवली आणि अण्णांनी दिवा बाहेर नेला.

नळाला पाणी आले आणि गेले. अण्णा फुलांना गेले नाहीत. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. सहा वाजता आईने विचारले, "काय यावं असं तुला वाटतंय?" आणि मी खरे सांगितले, "बारा."

सहा दहाला मी डोळा भिंगाला लावला. वर्ख खाली होता. चाळिसाच्या रेघेशी त्याची कड जवळजवळ भिडत होती, पण भिडली नव्हती. मी उजव्या डोळ्याने पाहिले, डाव्याने पाहिले, दिव्याची वात सरळ केल्यासारखा श्वास सरळ केला आणि पुन्हा पाहिले. मग रबराने पेन्सिलीचे प्रश्नचिन्ह पुसले.

"किती?" अण्णांनी उंबऱ्यातून विचारले.

मी आधी लिहिले, मग वाचून दाखवले. साडेएकोणचाळीस.